फुलीचं घर

बाई,

परवा एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखं पब्लिक हेल्थ नर्स व्हायला डायरेक्ट कोर्स नाही का कुठला?" डोंबिवलीच्या आमच्या आरोग्य केंद्रात नर्सिंग स्कूलच्या मुली वस्तीतलं काम शिकायला येतात, त्यातली ही एक. चुणचुणीत आहे, फक्त चालायचा कंटाळा. मी तिला तुम्ही मला काढून दिलेला नकाशा काढून दाखवला, तुमच्याबद्दल सांगितलं, तर म्हणते, "मग त्यांना शेवटचं भेटला होतात ना तुम्ही?" आणि मी जराही न अडखळता म्हणाले, "हो तर, त्या गेल्या त्याच्या आठवडाभर आधी भेटले होते." इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे. ते खोटं आहे. या वेळी ते मला पचलं नाही, म्हणून आज केंद्रातून लवकर घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

मी ठाण्याला वागळे इस्टेटच्या आरोग्य केंद्रात तुमच्या हाताखाली आले तेव्हा माझा एएनएमचा, म्हणजे सहायक नर्सचा, दोन वर्षांचा कोर्स नुकताच संपलेला आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत. सुई टोचता येते, बाळंतपण करता येतं, आणखी काय लागतं? पहिल्याच दिवशी तुम्ही मला एका चाळीतल्या बाळंतिणीकडे नेलंत आणि मी माझी बॅग थेट तिच्या अंथरुणावर ठेवली. तुम्ही ती उचललीत, बाहेरच्या कप्प्यातला जुना पेपर काढून जमिनीवर पसरलात, बॅग त्यावर ठेवलीत. मग स्वतःच्या बॅगेतला साबण घेऊन मोरीत हात धुतलेत आणि तेव्हा कुठे बाळाला हात लावलात. बाहेर आल्यावर म्हणालात, "हा दवाखाना नाही, कोणाचं तरी घर आहे. पाहुणीसारखी वाग." बाकी सगळे तुम्हाला सिस्टर म्हणायचे. मी बाई म्हणू लागले, कारण तुमच्यासमोर मला कायम गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं. तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत.

आणि मग ते पोलिओचं घर. रविवारी बूथवर डोस पाजायचे आणि पुढचे दिवस दारोदार हिंडून राहिलेली मुलं शोधायची, हे आपलं ठरलेलं काम. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने पी लिहायचा, एखादं मूल राहिलं किंवा दाराला कुलूप असेल तर फुली. फुलीच्या घरी परत जायचं, फुलीचा पी होईपर्यंत जातच राहायचं. टेकडीच्या बाजूच्या चाळीत एका खोलीला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा कुलूप. तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "अगो, तिच्या पोराला दिलाय डोस, स्टेशनला पाजलाय. कशाला चढतेस सारखी?" ऊन डोक्यावर आलेलं, पायाला फोड आलेले. मी हाताने फुली पुसली, पी लिहिला आणि उतरले. तुम्ही मागून घरं तपासत येत होतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तुम्ही विचारलंत, "मुलाची करंगळी बघितलीस?" डोस दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखाला आपण शाई लावतो, ती. मी म्हटलं, "शेजारीण म्हणाली." तुमचा आवाज चढला नाही. तुम्ही तुमचा रुमाल पाण्याने भिजवून माझ्या हातात दिलात. अख्खी चाळ बघत होती. मी तो पी पुसला आणि पुन्हा फुली काढली. मला वाटलं आता संपलं, तर तुम्ही पायरीवर बसलात आणि मलाही बसवलंत. मुलाची आई कंपनीतून सुटून येईपर्यंत आपण तिथे होतो. त्याच शेजारणीने चहा आणून दिला, तोही तुम्ही निवांत प्यायलात. आई मुलाला कडेवर घेऊन जिना चढली, तुम्ही पोराची करंगळी उलटीसुलटी करून पाहिलीत. कोरी होती. मी डोस पाजला, करंगळीला शाई लावली आणि दारावर पी लिहिला. खाली उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मेले, दारावर पी बघितला की पुढची माणसं थांबत नाहीत गं. या पोराला मग कोणीच विचारलं नसतं." मी रस्ताभर रडत होते.

त्याच संध्याकाळी तुम्ही नकाशा काढलात. मला वाटत होतं की तुम्ही मला कामावरून काढायला सांगणार, आणि तुम्ही विचारत होतात, बारावीला काय होतं? आर्ट्स. "मग थेट गाडी गेली तुझी. सायन्स असतं तर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग होतं. आता बदलत बदलत जायचं." लसीकरणाच्या कोऱ्या कार्डाच्या मागे तुम्ही खोपटच्या एसटी डेपोतल्या फलकासारखी एक रेघ ओढलीत आणि तिच्यावर थांबे काढलेत. पहिला एएनएम, तो झाला. मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं. मग पोस्ट बेसिक, म्हणजे नर्सिंगची पदवी, दोन वर्षं. शेवटी एक गोल काढून त्यात लिहिलंत, पब्लिक हेल्थ नर्स. "आणि तुम्ही?" असं मी आगाऊपणे विचारलं. तुम्ही पहिल्या थांब्यावर पेनाचं टोक ठेवून म्हणालात, "मी इथेच उतरले. घरी आजारपण होतं. पुन्हा चढायचं राहून गेलं." ते तुम्ही इतकं सहज सांगितलंत की त्यामागची तुमची वर्षं मला तेव्हा दिसलीच नाहीत.

फॉर्म भरायला तुम्ही आमच्या कोपरीच्या घरी आलात. आई नुकतीच बाजारातून टोपली रिकामी करून आलेली, म्हणाली, "आजून तीन वरसां? न् लगीन कवा?" तुम्ही म्हणालात, "लग्न कुठे पळून जात नाही ताई, ॲडमिशन जाते." आईला हसू आलं आणि माझं काम झालं. जीएनएमच्या परीक्षेला मला दहीसाखर तुम्हीच दिलीत. मी स्टाफ नर्स झाले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन डोंबिवलीला एकट्या राहायला गेलात आणि जाताना तुमची बॅग मला दिलीत. बाहेरच्या कप्प्यात घडी केलेला पेपर तसाच होता. "गोलापर्यंत पोचलीस की नेमणुकीची ऑर्डर घेऊन ये, मला डोळ्यांनी बघू दे," हे तुमचं मागणं. दुसरं काही मागितलं नाहीत.

पोस्ट बेसिकच्या दोन वर्षांत मी तुमच्याकडे एकदाही आले नाही. आधी फोन करायचे, मग तुमचेच यायचे, मग मी ते, नंतर करेन म्हणत, नुसते वाजू द्यायचे. अभ्यास होता, संसार होता, कारणांना काय तोटा? ऑर्डर हातात आली त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी पेढे घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. कुलूप होतं. शेजारच्या काकू बाहेर आल्या. "दवाखान्यात गेल्यात. बऱ्या आहेत तशा, पाय तेवढे सुजतात हल्ली, जिना चढताना धापही लागते. येतीलच तासाभरात, बसा ना." पाय सुजतात, धाप लागते, ही तर हृदय थकल्याची लक्षणं. बाई, हे ऐकून पहिल्या वर्षाची पोरसुद्धा तिथून हलली नसती. मी पेढ्यांचा पुडा काकूंच्या हातात दिला, पुढच्या रविवारी येते म्हणून सांगा म्हटलं आणि निघाले. पुढच्या रविवारी पोलिओचा बूथ होता, माझा पहिला, पब्लिक हेल्थ नर्स म्हणून. मी दिवसभर मुलींना बजावत होते, फुलीच्या घरी परत जा, शेजाऱ्यांवर विसंबू नका. मंगळवारी काकूंचा फोन आला.

तुम्हाला स्मशानात न्यायच्या आधी काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही येणार कळल्यावर रविवारी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेल्या. म्हटलं आत पडा जरा, तर नाही. म्हणाल्या, ती जिना चढून येईल आणि मला उठायला वेळ लागेल, पोरगी परत जायची." मी ऑर्डर पर्समध्ये घालून नेली होती. ती काढायचीही मला लाज वाटली. जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं, भेट झाली होती का? आणि मी पहिल्यांदा हो म्हणाले.

तुमच्या त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, लहान मूल आहे त्यांना. इमारत माझ्याच हद्दीत येते. मी मुलींना वर पाठवते आणि खाली थांबते, गुडघ्याचं निमित्त सांगून. उद्या त्या मुलीला खरं सांगणार आहे, निदान आत्ता तरी तसं ठरवलं आहे. हा कागद तुमच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, पेपराच्या घडीत ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक राहिलं आहे, ते तिलाही सांगता येणार नाही. दोन वर्षांनी येत होते, तुम्ही करंगळी बघितल्यासारखं माझ्या तोंडाकडे बघाल याची जिना चढताना धास्ती वाटत होती. वर आले, दाराला कुलूप दिसलं, आणि बाई, मला हायसं वाटलं.