पाणबुडीसाठी तीस टोप्या

हिंकली, लेस्टरशर
९ जानेवारी १९९६

चि. डंकन यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. तुझी बदली 'टर्नस्टोन'वर झाली हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि मांजराला बातमी सांगितली, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. अरे, नौदलात एवढ्या बोटी, आणि माझा भाचा मुख्य आचारी म्हणून जातो तो नेमका आमच्या पाणबुडीवर! आमच्या म्हणते, कारण आमच्या सुईविणकर गिल्डचं आणि तिचं नातं ती पाण्यात उतरली तेव्हापासूनचं, बावीस वर्षांचं. वर्षातून एकदा तुमचा कप्तान लंडनला आमच्या मेजवानीला येतो, आणि दरवर्षी तुमच्याकडे नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी आम्ही हातानं विणलेल्या तीस निळ्या टोप्या पाठवतो. 'आम्ही' म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे. गिल्डचे दोनशे सभासद, त्यांत वकील, हिशेबनीस आणि डॉक्टरच फार. सुया धरता येतात तिघांना. त्यांतल्या एनिड बॅसेट वर्षाला चार टोप्या देतात. एक आमचे निवृत्त न्यायाधीश देतात, आणि ती मी उसवून पुन्हा विणते.

आता कामाचं. आमचे यंदाचे मास्टर, म्हणजे गिल्डचे अध्यक्ष, मि. पार्जेटर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं असं, की जी बोट दिसत नाही, जिच्यावर सभासदांना चढू देत नाहीत, जी सध्या कुठं आहे असं विचारलं की कप्तान मान खाली घालून सूप पिऊ लागतो, तिच्याशी नातं ठेवून मिळतं काय? त्यांना हवाई दलाच्या एका तुकडीशी सोयरीक जमवायची आहे. विमानं निदान डोक्यावरून जातात तरी, म्हणाले. १९ मार्चला गिल्डच्या मंडळाची बैठक आहे (आम्ही त्याला ऐटीत 'कोर्ट' म्हणतो) आणि तिथं मतदान. नातं तुटलं की टोप्या बंद. आणि टोप्या बंद झाल्या तर बहात्तराव्या वर्षी मी संध्याकाळी काय करू, मि. पार्जेटरांपुढे तोंड उघडून बसू?

म्हणून मला एक फोटो हवा. टोप्या घातलेले तुमचे दहा-बारा खलाशी, बस्स. तो टेबलावर ठेवला की मी निम्मी बैठक जिंकले.

यंदा टोप्यांना जरा उशीर होतोय, बावीसच झाल्यात. थंडीत अंगठा कुरकुरतो. काळजीचं काही नाही. लापशी करपवू नकोस. तू नवव्या वर्षी जे पातेलं जाळलंस ते मी अजून खरवडते आहे.

लोभ आहेच. सोबतचे पायमोजे घातलेस तर वाढेल.

तुझी,
थर्झाआत्या

*

फासलेन, स्कॉटलंड
२२ जानेवारी १९९६

ती. थर्झाआत्या हिस,
डंकनचा सा. न. वि. वि.

पायमोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा दोन इंच लांब आहे. न्यायाधीशांनी विणला का?

टोप्यांचं म्हणशील, तर बोटीवर एकही टोपी पडून नाही, हे मी शपथेवर सांगतो. सगळ्या कामात आहेत. मी आलो त्या पहिल्याच दिवशी मला त्या दाखवण्यात आल्या, आणि त्यांना हात लावताना जपून, असा दमही मिळाला. तुझं नाव सांगितल्यावर माझा भाव एकदम वधारला. तुमची आत्या म्हणजे त्याच का, असं तिघांनी विचारलं.

फोटो सोबत आहे. माझ्याच स्वयंपाकघरात काढला. मागं पांढरी चादर आहे, कारण भिंतीवरचं काही दिसता कामा नये असा कप्तानसाहेबांचा हुकूम. सगळे जरा लालसर दिसतात तो कॅमेऱ्याचा दोष. डावीकडून तिसरा उंच माणूस पेनहॅलो. तो यंत्र कानाला लावून समुद्र ऐकतो. कॉर्नवॉलचा आहे, हसतो कमी, पण तुझ्यासाठी हसला.

फोटो पार्जेटरसाहेबांना अवश्य दाखव. तू स्वतः मात्र फार बारकाईनं बघत बसू नकोस, डोळ्यांना त्रास होईल.

आशीर्वाद असू दे, आणि पुढचे पायमोजे जुळे असू देत.

तुझा,
डंकन

*

हिंकली
३० जानेवारी १९९६

चि. डंकन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो भिंगाखाली धरून पाहिला. तू नको म्हणालास म्हणूनच पाहिला.

बाळा, मी साठ वर्षं विणते आहे. माणसाच्या डोक्याला दोन कान असतात. टोपी महिनाभर वापरली की कानांपाशी सैल होते, कपाळावर लोकरीच्या गोळ्या धरतात, मागं मानेला घासून पातळ होते. तुझ्या बारा टोप्यांपैकी एकीलाही कान लागलेले नाहीत. पेनहॅलोच्या टोपीला वर चक्क कोपरा आहे. त्याच्या शेजारच्याच्या टोपीवर गोल वळ उठलाय, आणि तो बशीचा नसेल तर मी सुया खाली ठेवते. आणि कॅमेऱ्याचं कौतुक पुरे. त्या लोकांना घाम फुटलाय. एकाच्या नाकाच्या टोकावर थेंब आहे.

तेव्हा खरं काय ते लिही. माझ्या टोप्या ती माणसं घालतात की नाही? मी रागावणार नाही असं वचन देत नाही. पण कोर्टापुढं उभं राहून खोटं बोलणं मला जमणार नाही, आणि न कळता खोटं बोलले तर तुला कधी माफ करणार नाही. बैठकीला सात आठवडे उरलेत.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगेनही, तुझ्या उत्तरावर आहे.

माया कायम, विश्वास तूर्त बासनात.

थर्झाआत्या

*

फासलेन
१२ फेब्रुवारी १९९६

ती. थर्झाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

चार पत्रं लिहून फाडली, ही पाचवी खेप.

नाही घालत, आत्या. कोणीच नाही. पाणबुडी आतून भट्टीसारखी तापलेली असते. आम्ही अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरतो, आणि माझ्या स्वयंपाकघरात तर तोही नकोसा होतो. फोटोसाठी ती बारा माणसं चार मिनिटं टोप्या घालून उभी राहिली आणि नंतर पाणी मागत सुटली. बावीस वर्षांत हे तुम्हाला कोणी कळवलं नाही, कारण दर कप्तानाला वाटलं, पुढचा कळवेल.

पण 'कामात आहेत' हे मी खोटं लिहिलं नव्हतं. समुद्राखाली आमचं सगळं आयुष्य एकाच गोष्टीवर उभं आहे, आवाज होता कामा नये. एक झाकण खाली पडलं तर ते कोसांवर ऐकू जातं. आणि बोटीवर सगळ्यात बोलका माल माझ्याकडे: पातेली, झाकणं, बशा, डाव. पहिल्या वर्षीच्या आचाऱ्यानं तुझी एक टोपी दोन पातेल्यांच्या मध्ये घातली आणि खडखड थांबली. तेव्हापासून हा रिवाज पडला. नवा माणूस आला की सगळ्यांसमोर एकदा टोपी डोक्यावर चढवतो, लोक टाळ्या वाजवतात, मग तो ती आचाऱ्याच्या हवाली करतो. कुठं लावायची ती जागा मात्र त्यानं स्वतः निवडायची. ती जागा मग कायमची त्याची. पेनहॅलोची टोपी डावांच्या पेटीत आहे, म्हणून तो कोपरा. तो म्हणतो, आचारीबुवा, तुमचे डाव वाजले की मला मासेसुद्धा शिव्या देताना ऐकू येतात. पहिल्या वर्षीची, काठाला लाल धागा असलेली टोपी अजून बशांच्या मांडणीमागं आहे. तिला कोणी हलवत नाही.

कप्तानसाहेबांना विचारलं, हे कळवू का. म्हणाले, बशा वाजतात हे जगजाहीर आहे, खुशाल कळवा, आणि माझ्या वतीनं माफी मागा.

उद्या निघतोय. कुठं ते विचारू नकोस, मीही मान खाली घालून सूप पिईन. मे महिन्यात परत. तोवर पत्रं मिळणार नाहीत. तू आठवड्याला चाळीस शब्दांचा निरोप पाठवू शकतेस, मला उत्तर देता येत नाही. निरोप आधी किनाऱ्यावरचा एक अधिकारी वाचतो, तेव्हा माझ्या लहानपणच्या गोष्टी नकोत.

रागाव, पण अबोला धरू नकोस. खाली आधीच पुष्कळ शांतता असते.

तुझा,
डंकन

*

निरोप, २३ फेब्रुवारी
चि. डंकन, आशीर्वाद. पत्र मिळालं. मांजर बरं आहे. छपराची गळती थांबली. तुझ्या आईनं केक पाठवला, घट्ट होता. टोप्यांबद्दल अजून काही सुचत नाही. थर्झाआत्या.

निरोप, ८ मार्च
चि. डंकन, आशीर्वाद. मोठ्या पातेल्याचा घेर किती इंच? डावाचा दांडा गोल की चपटा? बशा एकावर एक किती? अरे हो, तुला उत्तर देता येत नाही. काय ही नोकरी! थर्झाआत्या.

निरोप, २० मार्च
चि. डंकन, आशीर्वाद. काल कोर्ट झालं. मी उठून तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मग दोन पातेली आणि एक टोपी घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं. मि. पार्जेटर दचकून खुर्चीवरून पडता पडता राहिले. शाई सांडली. त्यानंतर मतदान घेतलं. चौदा हात वर झाले. निकाल असा की
(चाळीस शब्द पूर्ण. पुढील मजकूर गाळला आहे.)

*

हिंकली
२१ मार्च १९९६

चि. डंकन यास,
आत्याचे भरघोस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तळावर तुझी वाट पाहत बसेल. निकाल तुला निरोपातून कळलाच आहे, आता तपशील ऐक.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिले दोन दिवस मी तुझ्यावर, बावीस वर्षांतल्या सगळ्या कप्तानांवर आणि मेंढ्यांवरसुद्धा रागावले होते. उरलेली लोकर कपाटात कोंबली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात झाकण हातातून निसटलं आणि मांजर पडद्यावर चढलं. मी कपाटातून एक टोपी काढून दोन पातेल्यांत घातली आणि पातेली गदागदा हलवली. काहीच नाही. पुन्हा हलवली. मांजर खाली उतरलं.

कोर्टात मि. पार्जेटरांनी विमानांचे रंगीत फोटो वाटले. देखणे होते, खोटं कशाला बोलू. मग मी उठले. म्हटलं, माझ्याकडेही एक फोटो आहे, पण तो लबाड आहे, म्हणून त्याऐवजी पत्र वाचते. वाचून झाल्यावर पिशवीतून पातेली काढली आणि एकमेकांवर आपटली. शाईची दौत गेली. मग मधे टोपी घालून तितक्याच जोरानं आपटली. या खेपेला कोणी दचकलं नाही. म्हटलं, आपली बोट दिसत नाही अशी तक्रार आहे ना? ती ऐकूही येत नाही, आणि त्यातला थोडा भाग आपला आहे. एनिडबाई डोळे पुसत होत्या. न्यायाधीशमहाराज म्हणाले, म्हणजे माझी टोपीसुद्धा कुठंतरी उपयोगी पडली!

चौदा मतं पाणबुडीला, दोन विमानांना. एक सभासद पेंगत होते. मि. पार्जेटरांचं मत आपल्याला. नंतर हळूच जवळ येऊन विचारतात, मिस कॉटरिल, माझ्या हत्यारांच्या ट्रेखाली घालायला एक मिळेल का? खणखणाटानं पेशंट घाबरतात.

आता जे कोर्टालाही सांगितलं नाही ते तुला सांगते. टोपी विणताना अवघड असतो तो माथा. चार सुयांवर टाके कमी करत करत शेंड्याला आणायचे. गेली तीन वर्षं तिथं आलं की अंगठा आगीसारखा पेटतो. एकेका माथ्याला दोन दिवस लागतात, मधे हात कोमट पाण्यात धरून बसते. कोणाला बोलले नाही. मी थांबले तर टोप्या थांबतील, टोप्या थांबल्या तर नातं, हे मला दिसत होतं. जानेवारीत बावीस टोप्या झाल्या होत्या म्हणून लिहिलं ना? त्यांतल्या नऊ बिनमाथ्याच्या होत्या.

आणि तू लिहितोस, डाव, दांडे, पातेली. अरे, दांड्याला नळी लागते. नळीला माथा नसतो, डंकन! सुलट-उलट, सुलट-उलट, सरळ विणत जायचं आणि पुरे वाटलं की थांबायचं. पेटीत चौदा नळ्या आणि बशांमध्ये घालायला आठ चकत्या आहेत. मापं अंदाजानं. चुकली असतील तर दोष नौदलाच्या चाळीस शब्दांचा.

रिवाज मोडू नये म्हणून तीन टोप्याही ठेवल्या आहेत, टाळ्यांपुरत्या; बाकीच्या उसवून त्याच लोकरीच्या नळ्या केल्या. पुढं दरवर्षी एनिडबाईंच्या चार पुरतील, आळीपाळीनं घाला.

विश्वास बासनातून बाहेर काढलाय. जपून वापर.

तुझी,
थर्झाआत्या

*

फासलेन
११ मे १९९६

ती. थर्झाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

काल पोचलो. आंघोळीच्याही आधी पत्र वाचलं. निकाल मला कळलाच असेल म्हणतेस! तुझा निरोप 'निकाल असा की' इथं तुटला. 'छपराची गळती' वगैरेंना जागा असते, आणि नेमकं तेच राहतं. आठवडाभर बोटीवर दोन तट पडले होते. चौदा हात आपल्यासाठी की विमानांसाठी? पेनहॅलो म्हणाला, विमानांसाठीच, माणसांना आवाजच आवडतो. पुढच्या निरोपात तू 'नळ्या बारा इंची करू का?' एवढंच विचारलंस, म्हणजे नातं शाबूत, आणि स्वयंपाकघरात जल्लोष झाला. कुजबुजत झाला, पण झाला.

नळ्या उत्तम बसल्या. फक्त एक कशालाच बसत नाही. ती न्यायाधीशांची असावी. सगळी मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत.

तुझ्या अंगठ्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर ओरडा खाशील. तीन वर्षं!

आता बोटीची एक विनंती. काल पेटी उघडल्यावर पेनहॅलो म्हणाला, आचारीबुवा, आत्याबाई बावीस वर्षं बोटीवर आहेत आणि त्यांना जागाच नाही, हे बरं दिसत नाही. कप्तानसाहेबांनी मान हलवली. तेव्हा तुझ्या तीन टोप्यांपैकी एक आम्ही तुझ्या नावानं बाजूला ठेवली आहे. कुठं लावायची ते नेहमीप्रमाणे ज्याचं त्यानं निवडायचं. टाळ्या वाजवून झाल्या आहेत.

उत्तराची वाट पाहतो. माया करत राहा, मापं बघून.

तुझा,
डंकन

*

हिंकली
१६ मे १९९६

चि. डंकन यास,
आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस विचार केला. बशांची मांडणी मानाची आहे, पण तिथं पहिल्या वर्षीची टोपी आहे, तिला हलवू नका. माझी टोपी लापशीच्या पातेल्याला लावा. तुझी करपलेली लापशी खरवडल्याचा आवाज शत्रूच्या कानी जाता कामा नये.

पेनहॅलोला माझा नमस्कार सांग. बारा नव्या नळ्या झाल्या आहेत. अंगठाही गप्प आहे.

तुझी, आणि आता बोटीचीही,
थर्झाआत्या