घरी नेलेली माणसं

९ जाने., कळंब
तक्ता पुरा झाला आणि झोप उडाली. प्रबंध रक्तातल्या जंतूंवर: जंतू जितका जहरी, तितके पेशंट जास्त दगावणार, असं मी धरून चाललेले. तक्त्यात उलटंच. सगळ्यात जहरी जंतूंचे पेशंट ‘डिस्चार्ज’. म्हणजे बरे झाले? कोणाला शेंडी लावतोय आपण?

१० जाने.
गाइड सर : "डिस्चार्ज म्हणजे डिस्चार्ज. सोमवारी तक्ता पाठव."
आमच्याकडं माणूस हाताला लागत नाही असं दिसलं की सही करून घरी नेतात, शेवटचा श्वास आपल्या ओसरीवर जावा म्हणून; कागदावर तोही ‘डिस्चार्ज’. आमच्या आजोबांना असंच नेलेलं. सरांना ठाऊक नाही थोडंच. असा तक्ता देणार नाही, मी त्यांच्या तोंडावर म्हणाले.

११ जाने.
घरी नेलेल्यांच्या नातेवाइकांना फोन. बहुतेक गेलेत. घोडेगावच्या एका म्हाताऱ्या बाबांचा मुलगा म्हणाला, "ताई, आनलं त्याच राती गेलं. आता कशाला इचारताय?" ‘मृत्यू’ लिहिलं. रडू आलं, मग संताप.
आहुप्याच्या चिमाबाईंचा फोन लागत नाही. सगळ्यात जहरी जंतू त्यांचाच.

१३ जाने., घोडेगाव स्टँड
आहुप्याची एसटी अजून नाही. आई फोनवर : "सरांशी भांडून डिगरी घालवशील." घालवीन.
पिशवीत कल्चरची, रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली घेतलीय, बाई जिवंत असल्याच तर. नसल्या तर सुतकातल्या घरात विचारायचं कसं...

परतीच्या गाडीत
चिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या! सून म्हणाली, "लाकडं आनून ठिवली व्हती आमी. ह्या उठून च्या मागाय लागल्या."
पण संध्याकाळी अजून हुडहुडी भरते, अंग तापतं. विचारून रक्त घेतलं. पुन्हा ॲडमिट व्हा म्हणून लई विनवलं. "बगू," म्हणाल्या. मग, "तू माझं काय लिवनार?"
म्हटलं, कळत नाय.
"मी हाय, असं लिव. फुडचं फुडं."

१५ जाने., सोमवार
बाटली मशीनमध्ये. अजून काही उगवलं नाही. सुनेचा निरोप नाही.
सरांचा मेसेज : "टेबल?" पाठवला. बाबांपुढं ‘मृत्यू’. चिमाबाईंपुढचं ‘डिस्चार्ज’ काढून ‘आहे’. सर म्हणतील, असा शेरा नसतो. आता आहे.
फोन वाजतोय. त्यांचाच.