संदुकीतले बूट

अकोला, ८ डिसेंबर १९६९

धर्मपालदादा, तुले मनकर्णाचा जयभीम.

उद्या अमरावतीले माह्या सुजाताची बास्केटबॉलची मॅच हाय, अन् पंच तूच हायेस. तिच्या पायात तुहेच पांढरे कॅनव्हासचे बूट असतील. माह्या संदुकीत सापडले तिले, आत तुहं नाव लिवलेलं. "आई, मामाचे बूट तू काहून लपवले?" तिनं इचारलं.

पन्नास साली, बास्केटबॉलच्या संघाच्या निवडीच्या दिवशी, ते चोरीले गेले नव्हते. मीच लपवले. तू खेळायले नागपूरले गेला, तर बाबाच्या मारातून मले कोण सोडवणार, हीच भीती होती. तू अनवाणी खेळला, तळपाय सोलले, निवड हुकली. तरी त्या संध्याकाळी माह्यावर उगारलेला बाबाचा हात तूच धरला.

तू बूट ओळखशील, म्हणून सकाळपासून जेवण गेलं नाही. हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सुजातासंग मीच येऊन राहिली. तोंडानंच सांगीन.

तुही,
मनकर्णा