लख्ख डबा

चारा छावणी, धर्मापुरी रस्ता
१४ मे २०१९

प्रिय योगेश्वरी,

फोन करणार होतो. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. तुझा आवाज आला की मी चांगला वागायला लागतो, आणि चांगलं वागता वागता खोटं बोलतो. म्हणून लिहितोय. सोसायटीच्या चारावाटपाच्या वहीची पानं फाडलीत, रेघा वाकड्या आहेत, चालवून घे.

आप्पा बरे आहेत. तू परीक्षेला लातूरला परत गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. सकाळी दारातल्या लिंबापर्यंत चालून येतात. दम लागतो, पण कबूल करत नाहीत. चूल मात्र आता तुळजाआत्यांच्या हातात आहे. भावासाठी माजलगावहून आल्या आणि आल्या आल्या तेलाची बरणी उचलून स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवली. काकू दारात बसून ज्वारी निवडतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्या ऐकवतात, ‘पोरीनं एवढं भितीवर लिहून चिटकवलं, पर हिचा हातच सैल. हिनंच माझ्या भावाला त्या दवाखान्यात निजवला.’ तूही त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर काकूंना म्हणालीस, आई, तीन चमचे म्हणजे तीन, तुला मोजता येत नव्हतं का? काकू म्हणाल्या, मोजत होते गं. एवढंच. मी चार पावलांवर औषधाची पिशवी घेऊन उभा होतो. मी काय केलं? पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दिवाळीनंतर आप्पांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, स्प्रिंग टाकली, तेव्हाचा तुझा तो कागद मला अजून पाठ आहे. तळलेलं बंद. साय, तूप, मटण बंद. मीठ निम्मं. दिवसाला तेल तीन चमचे. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, जवस, लसूण, लोणी काढलेलं ताक. फेब्रुवारीत छावणी सुरू झाली, आप्पा बैल आणि पांढरी गाय घेऊन माळावर राहायला आले, आणि काकूंचा डबा रोज गावातून गाडीवर आणायचं काम तू माझ्याकडे दिलंस. एसटीत चढताना म्हणालीस, गहिना, आप्पांचं खाणं तुझ्यावर सोडून चाललेय. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस हवेत होतो.

पहिले दहा-बारा दिवस मी इमानानं डबा दिला. आप्पा दोन घास खायचे आणि झाकण लावायचे. म्हणायचे, बैलांना ऊस आन मला पेंड. माझ्याशी बोलायचे नाहीतच. मी समोर असताना दुसऱ्याला विचारायचे, ते कॉलेज सोडलेलं पोरगं आलं का? लई लागायचं मनाला. कॉलेज का सोडलं, हे तुलाही मी निम्मंच सांगितलंय. तुझ्या नावावरून एकानं चेष्टा केली आणि मी बाक उचलून फेकला, हे खरं. पण मला काढलं कुणीच नव्हतं. सर म्हणाले, माफीचा अर्ज लिही, चार ओळी, प्रकरण मिटलं. माझ्याच्यानं त्या चार ओळी झाल्या नाहीत. दुष्काळामुळं सोडलं असं गावाला सांगितलं, आणि गावानं मानलंही.

मग एक दिवस मी सुग्रीवच्या हॉटेलातून स्वतःसाठी भजी बांधून आणली होती. आप्पांना वास गेला. ‘काय हाय बे त्या कागदात?’ मी पुढं केलं. चार खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, ‘गहिनीनाथा, तुला माणसं कळतात.’ योगेश्वरी, माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जास्त बांधून घेतली. मग कधी मिरचीची भजी, कधी डेअरीतून वाटीभर साय, रविवारी मटणाचा तर्रीचा रस्सा. जेवून झालं की आप्पा मला खाटेवर शेजारी बसवायचे आणि तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींसाठी मी काहीही आणून दिलं असतं.

डब्याचं काय करायचं? टाकून दिला तर छावणी बघणार. मी तो त्यांच्या पांढऱ्या गायीपुढं धरायला लागलो. भाकरी, मटकी, चटणी, सगळं. ती चाटून लख्ख करायची. मी वरून पाण्याचा हात फिरवायचो. घरी काकू झाकण उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘सगळं खाल्लं की रे त्यांनी.’ इतक्या खूश व्हायच्या की माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. आणि मी खायचो. आप्पांना आवडतंय म्हणून त्यांना हुरूप आला होता. टँकरच्या पाण्यात मटकी भिजवून मोड आणायच्या, मीठ कमी म्हणून चिंचेचं पाणी घालायच्या, दोडक्याच्या शिरा भाजून चटणी करायच्या. मला विचारायच्या, कालचं कसं लागलं म्हणाले? मी सांगायचो, लई आवडलं.

सुग्रीवनं एकदा टोकलं होतं. ‘अबे, स्प्रिंग टाकलेल्या माणसाला रोज भजी? सासरा करायचाय का मारायचाय?’ मी समोरची प्लेट त्याच्या अंगावर भिरकावली. महिनाभर त्याच्याशी बोललो नाही, पण भजी तिथूनच न्यायचो, पोराला पाठवून. छावणीत चारा मोजून वाटायचं काम माझं. मोठ्या जनावराला अठरा किलो, लहानाला नऊ. जनावराच्या तोंडात काय जातं ते मी काट्यावर तोलत होतो, योगेश्वरी.

एप्रिलच्या शेवटी ऊस उतरवताना आप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, गोळ्या चालू, पथ्य चालू, मग कोलेस्टेरॉल दिवाळीपेक्षा वाढलं कसं? तुम्ही सगळ्यांनी काकूंकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. ते का गप्प आहेत ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी का गप्प होतो ते मला ठाऊक आहे. तू मला सोडशील म्हणून.

आज सकाळी काकू छावणीवर आल्या. चूल हातात नाही, घरी बसवत नाही, म्हणून गायीला बघायला. स्वतःची भाकरी त्याच डब्यात बांधून आणली होती. झाकण वाजलं आणि गाय दावं ताणत आली, सरळ डब्यात तोंड घातलं. काकूंनी डबा ओढून घेतला नाही. तिचं होईपर्यंत धरून ठेवला. मग आत बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या हातात चाऱ्याचा भारा तसाच. वाटलं, आता चप्पल काढतील, आणि काढावी असंही वाटलं. काकू म्हणाल्या, ‘मी न्हाई सांगायची योगूला. माझ्यावर रुसली तर चार दिसांनी माझ्याकडंच येती. तुझ्यावर रुसली तर...’ पदरानं डबा पुसला आणि उपाशीच चालत गेल्या. मला ते वाक्य नको आहे. त्या वाक्याच्या आड मी जन्मभर लपू शकलो असतो, म्हणून लगेच लिहायला बसलो. पाकीट लातूरच्या एसटीत कंडक्टरकडं देतोय, उद्या सकाळी तुला मिळेल. उद्या संध्याकाळी तुमच्या दारात, आत्या आणि आप्पांसमोर, हेच सगळं तोंडानं सांगणार आहे. मला उत्तर लिहू नकोस. आधी काकूंना फोन लाव आणि एवढंच म्हण की आई, तू मोजत होतीस.

तू खोडलंस तरी तुझाच,
गहिनीनाथ