छोट्या गाडीची विहीर

९ मार्च ८६, रविवार. लातूर
सकाळच्या छोट्या गाडीनं मुरुडला जाऊन आलो. काम काही नव्हतं. काम असतं तर एस.टी.नं गेलो असतो. छो.गा. वाटेत दोनदा थांबली. एकदा रुळावर म्हैस, एकदा वाफ कमी. समोरचा म्हातारा म्हणाला, "उतरून चाललो तर आधी पोचतो बघा." म्हटलं, उतरा की. उतरला नाही. अडीच फुटांचे रूळ, खेळण्यातली गाडी म्हणतात लोक. म्हणोत. मुखेडात जन्मलेल्या माणसाला कुठलीही रेल्वे मोठीच.
परत आल्यावर यार्डात रेंगाळलो. ड्रायव्हर करीमभाई इंजिनात पाणी घेत होते. टाकी भरली तरी नळाची सोंड बंद करत नाहीत, मुद्दाम सांडू देतात. खाली रुळांपलीकडच्या वस्तीतल्या बाया घागरी लावून. त्यांत आमची अक्का. वस्तीचा नळ होळी यायच्या आधीच कोरडा पडला. पाण्याला कोळशाचा वास येतो. अक्का म्हणाली, "येऊ दे वास. हितं कुनाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई."

१२ मार्च
पाणीटंचाईच्या शाखेत बसवलंय. जिल्हा नवा, साहेब नवे, कचेरी भाड्याची. विहिरींच्या नोंदी अजून जुन्या जिल्ह्याच्या कपाटात. साहेब पुण्याकडचे, त्यांना लातूरची गल्लीसुद्धा माहीत नाही. दिवसभर फोन. जळकोट, औसा, निलंगा, सगळ्यांना टँकर हवाय. आमच्याकडं टँकर आहेत, त्यात घालायला पाणी नाही.

२० मार्च, गुरुवार
आज गाढवपणा केला.
चहाच्या वेळी साहेब सहज म्हणाले, "तुम्ही रविवारी रेल्वेत असता म्हणे?" या कचेरीत असं कुणी पहिल्यांदाच विचारलं. सुटलो मग. चाकं किती, घाट कसा चढते, कोळसा किती खाते. आणि पाणी? साहेब, पाण्याचं तर विचारूच नका, म्हशीसारखी पिते.
"एवढं पाणी आणतात कुठून?"
"यार्डात त्यांची विहीर आहे साहेब. जुनी, दगडी. तळ कुणी पाहिलेला नाही."
काय ती छाती फुगलेली माझी. साहेबांनी कप खाली ठेवला आणि शिपायाला जीप काढायला सांगितली. मला कळलं ते जिना उतरताना.

२ एप्रिल
विहीर कचेरीनं ताब्यात घेतली. मोटार बसली, यार्डाबाहेर टँकरची रांग. इंजिनाला पाणी नाही म्हणून छो.गा. आता मुरुडहूनच सुटणार. लातूरचे रूळ रिकामे.
शेवटच्या फेरीला गेलो होतो. करीमभाईंना माहीत नाही कुणी सांगितलं ते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "पानी पब्लिक का है, क्लर्कसाब. इंजिन का क्या, खडा रहेंगा." मला त्यांच्याकडं बघवेना. शिट्टी जरा जास्तच वेळ वाजवली त्यांनी.
पाणी माणसांना मिळालंच पाहिजे. यात माझंही दुमत नाही. हे दिवसभर स्वतःला सांगतोय.

६ एप्रिल, रविवार
अक्काकडं गेलो. घागरी पालथ्या.
टँकर आधी मेनरोडला, मग बाजाराकडं, मग साहेबांच्या क्वार्टर्स, मग मोठ्या वाड्यांच्या गल्ल्या. वस्ती सगळ्यांत शेवटी. अक्का म्हणाली, "आला व्हता टँकर. पाइपातनं नुसता गाळ. अन् डायवर म्हंतो, उद्या बघू." मग म्हणाली, "ते इंजिनाचं पानी कशापायी बंद केलं रं? तू हापिसात हाय, तुला ठाव असंल."
माहीत नाही म्हणालो. थोरल्या बहिणीसमोर, तिच्याच उंबऱ्यात बसून.
इंजिन जात विचारत नव्हतं आणि गल्लीही विचारत नव्हतं. मी ते पाणी उचललं आणि विचारणाऱ्यांच्या हातात दिलं.

८ एप्रिल
साहेबांना म्हटलं, टँकरचा क्रम बदला, एक दिवस वस्तीपासून सुरू करू. माणूस वाईट नाही. "क्रम वरून ठरतो हो," म्हणाले, आणि वर पंख्याकडं बघितलं.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. निळे झेंडे, पांढरे कपडे, पोरांची लेझीम. पाणपोई नाही. दर वर्षी अक्काच्या दारापुढं रांजण असतो, वाळा घातलेलं पाणी. यंदा मंडळानं ठरवलं, लावायची नाही. लावणार कशानं?
व्यासपीठावरून पाहुणे सांगत होते, पाण्यासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी मंडपाच्या मागच्या खांबाशी उभा. भाषण संपायच्या आत निघालो.

२० एप्रिल, रविवार. नांदेड
सुमनकडं आलो. तिची शाळेतली नोकरी इथं, माझी तिथं, संसार एस.टी.त. स्टेशनवर जाऊन मनमाडकडची मीटरगेज बघितली. एरवी तासन्‌तास उभा राहतो. आज इंजिनानं पाणी घ्यायला सुरुवात केली आणि मी घरी आलो.
सुमनला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "विहीर तुम्ही नसती सांगितली तर दुसऱ्या कुणी सांगितली असती. ते सोडा. तुमचा जीव नेमका कशासाठी तुटतोय? अक्कांसाठी का इंजिनासाठी?"
दोन्हींसाठी, असं म्हणणार होतो. पण आधी इंजिन डोळ्यांपुढं आलं, हे तिला दिसलं असावं.

४ मे, रविवार
राहवेना. एस.टी.नं मुरुड, तिथून छो.गा. पुढचं एक स्टेशन, आडरानात. नाव इथंही लिहीत नाही. इंजिन आता तिथल्या विहिरीवर पाणी घेतं. बाभळींच्या आड आहे, रस्त्यावरून दिसत नाही. वाकून बघितलं. खाली पाणी चमकत होतं. इतकं पाणी मार्चपासून बघितलं नव्हतं.
करीमभाईंनी मला बघून हातच हलवला. इंजिनाखाली बाया, घागरी. गँगमनच्या बायका, पलीकडच्या तांड्यावरच्या, तिथल्या वस्तीवरच्या. सोंड वाहतीच. करीमभाईंनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिली. "अच्छा है," म्हणाले, "ये कुएँ का किसीको मालूम नै." भाकरी रुमालात बांधून ठेवली.

१२ मे
यार्डातली विहीर संपली. तळ कुणी पाहिला नव्हता, आम्ही सव्वा महिन्यात पाहिला. मोटार गाळ ओढते. गाडी गेली आणि पाणीही गेलं. दोन्ही घालवायला एक माणूस पुरला.

१४ मे
अक्का आता गावाबाहेर एका मळ्यात जाते. मालकाची विहीर. त्यांची माणसं भरून झाली की हिला. पोहरा त्यांच्या हातात, घागर हिच्या. वरून ओततात. तीस वर्षांपूर्वी धम्म घेतला तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, आता ओंजळ धरून पाणी घेणं संपलं. अक्का हे सांगताना रडली नाही. मीच रडलो. ती म्हणाली, "गप. भांडं भरतंय न्हवं?"

१५ मे, गुरुवार
साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. "तुम्हाला रेल्वेचं माहीत आहे. लाइनीवर आणखी एखादी विहीर असणारच. सोमवारी सांगा. लोक मरायला टेकलेत हो."
सांगितलं तर पहिला टँकर पुन्हा मेनरोडला. आडरानातल्या त्या बायांच्या घागरी पालथ्या. छो.गा. कायमची गेली. नाही सांगितलं तर शहरात गाळसुद्धा नाही, आणि मी पाणी लपवून बसलेला माणूस. कशातही चांगलं काही दिसत नाही. दिसावं अशी आशाही उरलेली नाही.

१८ मे, रविवार
आज गाडीला गेलो नाही. अक्काकडं गेलो. ती मळ्यातून नुकतीच आलेली, चुंबळ अजून डोक्यावर. सगळं सांगितलं. आधीची विहीर मीच दाखवली, हेही. वाटलं, तोडून बोलेल. म्हणाली, "ठाव हाय. समद्या वस्तीला ठाव हाय. तुझ्याबिगर त्या गाडीचं एवढं कोन बोलतंय?"
मग दुसऱ्या विहिरीचं सांगितलं, साहेबांना सांगू का विचारलं. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "लई पानी हाय?"
"लई हाय."
"मग सांग की सायेबाला. आमच्यापत्तोर न्हाई आलं तर भांडू. पन हाय ते तरी सांग." आणि चुंबळ काढता काढता थांबली. "तितं आत्ता कोन भरतंय?"
म्हटलं, "बाया. इंजिनाखाली. आपल्या वस्तीसारख्याच."
अक्का खाली बसली. रुळांकडं बघत होती. त्यांवर गंज चढायला लागलाय.
"मग मला कशाला इचारलास रं," म्हणाली.
उद्या सोमवार. साहेब दहाला येतात.