लिलीचा कांदा

साकोली, १२ डिसेंबर १९७८

शेजारच्या काकू सकाळी म्हणाल्या, “सर, लिलीले रोज पाणी कायले देऊन राहिले? पानं सुकली ना? हिवाळाभर कांदा कोरडा राहू द्या, मंग फुलते. नाही तर सडून जाईन.”

पाणी मी घालत नाही, सुमन घालते. आमचं बाळ गेल्यापासून ती तेवढ्यासाठीच खाटेवरून उठते. नको घालू, असं कसं सांगू? मग कशासाठी उठेल?

दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कांदा काढून भाताच्या कोरड्या तणसात ठेवला, कुंडीतली माती सारखी केली. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?

संध्याकाळी तिने रिकाम्या कुंडीला पाणी घातलं.

“फूल येईन ना जी?”

“येईल.”

ती परत जाऊन पडली. उद्या उठेल.