खालच्या रस्त्यानं मालन

१ फेब्रुवारी, रविवार

हँग ग्लायडरचं सरावाचं उड्डाण. साताऱ्याच्या टेकडीवरून दुपारी सुटलो. वारा पश्चिमेचा, भला माणूस. औंधच्या पुढं मात्र हवा मेली. ग्लायडर खाली खाली. शेतातली बुजगावणी दिसायला लागली तेव्हा उतरायची जागा हेरली.

तेवढ्यात वायरलेस सेटवर बायको. मालन. खालच्या रस्त्यानं जीप घेऊन नेहमीप्रमाणं माझ्या मागं.

"आवं, उजव्या अंगाला बघा. उसाचं पाचट पेटवलंय. धूर सरळ वर चाललाय. जावा तिकडं."

गेलो. दोन घारी आधीच फिरत होत्या. त्यांच्या मागनं चकरा घेत पार ढगाखाली. जमिनीवरून हवा वाचणारी अशी बाई या खेळात दुसरी नाही. बाकीचे पायलट म्हणतात, शेठ, तुमचं ग्लायडर नको, ड्रायव्हर द्या.

विट्याच्या अलीकडं तिनं विचारलं, "आज कुठंवर म्हणालासा?"

सकाळी सांगितलं होतं. टेकडीवर पुन्हा सांगितलं होतं. म्हटलं, विट्यापर्यंत.

"बरं."

थोड्या वेळानं परत तेच. शब्द तेच, सूर तोच. थट्टा नव्हती.

माझं आयुष्य आष्ट्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. पत्र्याच्या टपरीपासून. मोटर जळायच्या आधी तिचा आवाज बदलतो. मालकाला कळत नाही, मला कळतो. आज वर, एवढ्या वाऱ्यात...

नको लिहायला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगली. डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. मालनला तीन शब्द दिले, ध्यानात ठेवा म्हणाला. विळा, लिंबू, आरसा. मग इकडचं तिकडचं. पोरंबाळं? एक लेक, पुण्याला. जेवण? दोन वेळचं. मग म्हणाला, ते तीन शब्द?

मा. : "विळा." थांबली. हसली. "बाकीचं सामान बाजारात इसरलं वाटतं."

डॉक्टर हसला. मला जमलं नाही.

मग माझ्याशी इंग्रजीत बोलला. हे वाढत जाणार. हळू जाईल, पण मागं फिरणार नाही. गाडी एकटीच्या हातात नको.

जिन्यात मा. म्हणाली, "इंग्रजी काढलं तवाच वळखलं, माझंच चाललंय. काय म्हणला?"

"रक्त कमी हाय म्हणाला."

"व्हय?"

एवढंच. येताना गाडी मी घेतली. आष्ट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मधे एकदा म्हणाली, भडंग घ्यायचं राहिलं. ते मात्र आठवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ग्लायडरची स्पर्धा पुढच्या सोमवारपासून. नाव मागं घ्यावं का? दिवसभर दुकानात डोक्यात तेच. गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच मोटर दिली. तो म्हणाला, शेठ, उंचावर हवा विरळ असते म्हणतात, डोक्याला लागली काय. सगळे हसले. मी पण.

संध्याकाळी बघतो तर मा. अंगणात. जीपच्या टपावर पिवळा पट्टा आहे, वरून मला दिसावा म्हणून. त्यावर दुसरा हात मारत होती. साडीला रंग. म्हणाली, "गेल्या साली फिका पडला हुता. तुमास्नी म्हातारपणी दिसायचा न्हाई."

नाव मागं घेतलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साताऱ्याचे सुभेदार. रिटायर फौजी, माझ्या आधीपासून उडणारे. यंदा मणका दुखावलाय, पळत उडी घ्यायची मनाई. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, जीपमधे मालनच्या शेजारी बसा.

"गाडी मीच चालवतो की."

म्हटलं, तिला सांगू काय?

सुभेदारांचा मिशीवर हात. "ठीक है. बसतो. पण शेठ, लवकर सांगा. फौजेत आम्ही जखमीला त्याची जखम सांगतो."

मा.ला कळल्यावर : "पहारा कशाला माझ्यावर?"

"पहारा कसला? घरात बसून कटाळलेत ते."

"मग त्यास्नी घरात घ्या. माझ्या गाडीत कशाला?"

१६ फेब्रुवारी, सोमवार. पहिला दिवस

काय दिवस! गोल गाठला. विट्याच्या पुढच्या मोकळ्या रानात शेवटाची रेघ आखली होती, ती ओलांडली. दिवसात तिसरा. वयाचं बोलायचं तर सगळ्यांचा काका.

मा. फॉर्मात. "आवं, टँकरच्या मागं धूळ उजवीकडं चाललीय, खाली वारा फिरलाय." "आवं, त्या पोरांच्या घोळक्यात नका जाऊ, सगळी पडत्यात." खरंच सगळी पडली. मी उतरलो तेव्हा जीप आधीच हजर, मा. पाण्याची कळशी घेऊन उभी. सुभेदार कानात म्हणाले, "शेठ, डॉक्टर चुकला असेल."

रात्रभर तेच वाक्य चघळायला पुरलं. डॉक्टर चुकतात. चुकतात की.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वारा नाही. टेकडीवर दिवसभर घामाघूम, मग सगळे खाली. मा. पोरांना चिडवत होती. एकाचं नाव दोनदा विचारलं. मी मधेच मोठ्यानं बोलायला लागलो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहितो.

आज गोल कवठेमहांकाळकडं. मी चांगला वर, पुसेसावळीच्या पुढं, पहिल्या फळीत. सेटवर मा. गप्प. मग अचानक सुभेदारांचा आवाज, दुसऱ्याच कुणाच्या तरी सेटवरून. ते पुसेसावळीच्या स्टँडवर लघवीला उतरले. मागं वळून बघतात तर जीप नाही.

"शेठ, भाभी निघून गेल्या. मी बरोबर होतो हेच विसरल्या."

खाली बघितलं. पिवळा पट्टा शोधायला वेळ लागला, कारण मी पूर्वेला बघत होतो. जीप पश्चिमेला. आल्या वाटेनं परत. मग डांबरी सोडून उसातल्या कच्च्या रस्त्याला.

"मालन, कुठं निघालीस?"

"तुमच्या मागनंच की."

समोर ढगांची रांग, सरळ गोलापर्यंत रस्ता घातल्यासारखी. असा दिवस मला कधी मिळाला नव्हता. ग्लायडर वळवलं. वारा तोंडावर, उंची वितळत चालली. आमच्यातली रीत उलटी झाली. ती मुकाट रस्ता कापतेय आणि मी वरून सांगतोय.

"पुढं ओढा हाय. डावीकडं घे. लिंबाचं झाड दिसतंय? तिथं थांब."

"थांबू कशाला? तुमी उडतायसा नव्हं?"

"थांब गं मालन. माझ्यासाठी थांब."

थांबली. पलीकडच्या काढलेल्या हरभऱ्यात उतरलो. चांगला नाही उतरलो, गुडघा फुटला. हार्नेस तसाच ओढत पळालो.

इंजिन बंद. दोन्ही हात स्टेअरिंगवर. समोर बघत बसलेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गोल हिकडं न्हवता."

"न्हवता."

"मग हिकडं कशाला उतरलासा?"

म्हटलं, हवा संपली.

"हवा न्हाई संपली. ढग बघा की त्यो." ढग खरंच होता, माझ्याच डोक्यावर, मोठा. "मला न्ह्यायला आलासा. आजवर मी न्हेत आले तुमास्नी. कुठनं कुठनं न्हेलं. जतच्या माळावर मेंढरांत पडला हुता तवा रातभर हुडकत आले. आज तुमी मला न्ह्यायला आलासा."

उसात वारा.

"डॉक्टर काय म्हणला, ते सांगा आता."

सांगितलं. सगळं, मराठीत. शेवटी फक्त :

"हे ठावं आसून चावी दिलीसा कशी?"

जगाशी बोलून पोट भरलं मी. चोराशी बोललो, साहेबाशी बोललो, बँकेत बोललो. या एका प्रश्नाला मात्र हार्नेसचे पट्टे सोडत बसलो.

चावी काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली. आणि बाहेर येऊन गुडघ्यावरची माती पदरानं पुसायला लागली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वारा फार, उड्डाण रद्द. बरं झालं.

मा. दिवसभर बोलली नाही. सुभेदार माफी मागायला आले. तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "तुमी कशाला माफी मागता? तुमास्नी इसरले मी. माफी माझी." सुभेदार चहा तसाच ठेवून बाहेर गेले, तोंड धुवायला.

लेकीला फोन केला. ती रडली. "बाबा, आता बंद करा ते उडणं." म्हटलं, करतो.

मा.ला म्हटलं, उद्या जायचं नाही. शेवटचा दिवस आहे, आपण कालच बाहेर पडलोय, नंबर काही लागत नाही.

तेव्हा तिचं तोंड उघडलं. "मी खाली बसले म्हणून तुमी बी खाली बसणार? घरात दोगं दोन कोपऱ्यात? आन् मी रोज बघू, माझ्यापायी ह्यो माणूस बसला म्हणून? जवर ध्येनात ऱ्हातंय तवर तरी मला आसलं काय बघाय लावू नका."

भांडली. लय भांडली. किती दिवसांनी असं भांडलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. शेवटचा दिवस

सकाळी बाहेर आलो तर जीपच्या डाव्या सीटवर मा. बसलेली. इतक्या वर्षांत त्या बाजूला तिला पहिल्यांदा बघितलं. उंची कमी झाल्यासारखी वाटली. मांडीवर सेट. सुभेदार स्टेअरिंगवर.

टेकडीवर ग्लायडरची पुढची तार धरायला आली, वाऱ्यात नाक उचलू नये म्हणून. हात घट्ट होते. सोडायच्या आधी म्हणाली, "वरनं बोलत ऱ्हावा. मी काय न्हाई बोलले तरी बोलत ऱ्हावा."

पळालो. जमीन सुटली.

बोललो. कधी वर एवढं बोललो नव्हतो. एरवी तीच बोलते. म्हटलं, मालन, रहिमतपूर गेलं. मागं कृष्णेला पाणी दिसतंय. मालन, एक बाई माडीवर लाल लुगडं वाळत घालतेय.

"कुणाची बाई?"

"मला काय म्हाईत?"

"मग एवढ्या उंचावनं लुगडं बरं दिसलं?"

सुभेदारांचं हसू सेटवर ऐकू आलं. मी एकटाच आकाशात हसत होतो आणि डोळ्यांचा चष्मा आतून भरून आला.

विट्यापर्यंत उत्तरं येत होती. छोटी. व्हय. बरं. दिसतंय. मग नुसतं बटण दाबल्याची खरखर. खानापूरच्या टेकड्यांपुढं तीही नाही. त्या टेकड्यांच्या आड सेट लागत नाही, हे सगळ्या पायलटांना माहीत आहे. गेल्या वर्षी पण लागला नव्हता.

मी बोलत राहिलो. द्राक्षबागा आल्या, सांगितलं. नागज फाटा आला, सांगितलं. मेंढरं, टँकर, शाळेचं पटांगण. खालची जमीन कोरडी पडत गेली, तेही सांगितलं.

उतरलो. गोल थोडक्यात हुकला. पुष्कळ वेळानं धूळ उडवत जीप आली. मा. उतरली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "लय दमलासा," म्हणाली. सेट तिच्या हातात नव्हता.

सुभेदार मला बाजूला घेऊन सांगायला लागले, शेठ, टेकड्यांच्या आधीच भाभींनी सेट...

म्हटलं, थांबा सुभेदार. आधी पंख मिटून घेऊ. उजेड आहे तोवर.